सुंभ, सुतळी आणि कुत्र्याचा पट्टा, सगळं ५६०७ मध्येच घालू का?

सुंभवाली

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण वाचा प्लीज. आम्ही वेंगुर्ल्याच्या बाजूचे. आईने आठ बायकांना घेऊन सोडणं कुजवून काथ्या काढायचं आणि सुंभ वळायचं काम चालू केलंय, मी पुण्यातली नोकरी सोडून तिचं ऑफिस सांभाळते, ऑफिस म्हणजे ओटीवरचं टेबल. आजवर माल गोवा आणि कोल्हापूरला जायचा, आता पहिल्यांदाच एक्सपोर्टची ऑर्डर आलीये, इंग्लंडमधला इंपोर्टर आहे, तो हॉप्सच्या शेतकऱ्यांना माल देतो (बिअरला कडवटपणा आणणारी ती फुलं, त्यांच्या वेली उंच दोऱ्यांवर चढवतात आणि त्या दोऱ्या काथ्याच्याच लागतात म्हणे). आयईसी (एक्सपोर्टला लागणारा सरकारी नंबर) काढला, कॉयर बोर्डाची नोंदणी झाली, एलयूटी (जीएसटी न भरता माल पाठवायचं हमीपत्र) झालं. अडलंय ते एचएसएन कोडवर, म्हणजे कस्टम्सच्या यादीत प्रत्येक वस्तूला असतो त्या नंबरवर.

मालात पाच गोष्टी आहेत. १) आमचा सुंभ, दोन पेडी. २) काथ्याचाच १२ मिमीचा जाड दोर, बागेतल्या पायऱ्यांच्या कठड्याला. ३) ज्यूटची सुतळी, कोलकात्याहून मागवून आम्ही छोटे गुंडे करतो. ४) घायपाताचा दोर, आटपाडीकडच्या एका ओळखीच्यांकडून घेतलेला. ५) सुताच्या विणलेल्या दोरीचे कुत्र्याचे पट्टे, पितळी हूक लावून.

आमचा सीएचए (कस्टम्सचे कागद करणारा एजंट) म्हणतो सगळं ५६०७ ९० १० मध्ये टाका, दोरी ती दोरी. इंपोर्टरचा मेल आलाय की सुंभ त्याच्याकडे ५३०८ मध्ये येतो, बाकीचं तपासून सांगा. आईचं मत सीएचएसारखंच, "दोरी ती दोरी, तिका नंबर कसलो?" बरोबर कोण?

झटपट_एक्स्पोर्टर

ताई कशाला डोकं खाता, ५६०७ टाकून मोकळ्या व्हा, एक्सपोर्ट ड्युटी तर लागत नाही ना. पैसे आले की झालं.

शेवा_जुना_भिडू

वरच्या साहेबांचं ऐकू नका. एक्सपोर्ट ड्युटी नाही हे खरं, पण रोडटेपचा (एक्सपोर्टरला कर परत देणाऱ्या योजनेचा) परतावा आठ आकडी कोडवर मिळतो, ड्रॉबॅकचं (भरलेल्या ड्युटीच्या परताव्याचं) कोष्टकही टॅरिफच्या, म्हणजे कोडांच्या सरकारी यादीच्या, हेडिंगांप्रमाणेच लावलेलं आहे आणि समोरच्या देशात तुमच्या गिऱ्हाइकाला ड्युटी भरायची असते. तुमच्या इनव्हॉइसवर एक आणि त्याच्या एंट्रीवर दुसराच कोड असला की प्रश्न त्याला विचारतात, आणि पुढच्या वेळी तो ऑर्डर श्रीलंकेला देतो. काथ्यात त्यांचा हात धरणारे कमी आहेत.

मी न्हावाशेव्याला एका क्लिअरिंगवाल्याकडे ३० वर्षं कागद केले, आता रिटायर. तुमच्या पाच वस्तूंचे माझ्या हिशोबाने पाच वेगवेगळे कोड होतात, आणि ५६०७ ९० १० मध्ये त्यातला फक्त एक बसतो.

आधी सुंभ. टॅरिफमध्ये कापडाचा जो अकरावा विभाग आहे त्याच्या सुरुवातीला टिपा आहेत, लोक त्या सोडून थेट हेडिंग वाचतात आणि तिथेच फसतात. टीप ३ मध्ये लिहिलंय की सूत कधी सूत राहतं आणि कधी दोर होतं. प्रत्येक धाग्याला वेगळं माप आहे. रेशीम २०,००० डेसिटेक्सच्या (लांबीमागे वजनाचं माप, पुढे सांगतो) वर गेलं की दोर. नायलॉन, पॉलिएस्टर वगैरे १०,००० च्या वर. ताग, घायपात असले इतर वनस्पतींचे धागे २०,००० च्या वर. काथ्याला मात्र वजन लावलेलंच नाही, तिथे फक्त पेड मोजायचे, तीन किंवा जास्त पेड असतील तर दोर, एक किंवा दोन असतील तर सूत. म्हणजे तुमचा दोन पेडी सुंभ अंगठ्याएवढा जाड असला तरी ५३०८ १०, तुमचा इंग्लंडवाला बरोबर बोलतोय. आपल्याकडे तिथे पुढे दोन भाग आहेत, गाठी (गठ्ठे) बांधून दाबलेला असेल तर ५३०८ १० १० आणि नुसत्या लडी असतील तर ५३०८ १० २०.

१२ मिमीचा दोर तीन पेडी असेल तर ५६०७ ९० १०, सीएचए तेवढ्यापुरता बरोबर. पण पेड मोजताना नीट बघा, टोक उलटं पिळून सोडवायचं आणि दोराचे मुख्य पेड मोजायचे, त्या पेडांच्या आत परत दोन-दोन वळ असतातच ते धरून बसू नका.

पट्टे तर दोर राहिलेच नाहीत. जनावराच्या साजाचं हेडिंग ४२०१ आहे, कुठल्याही जनावराचं आणि कुठल्याही मालाचं, चामडं असो नाहीतर सूत. कुत्र्याचा पट्टा तिथे.

सुतळीचं वजन कळल्याशिवाय सांगता येणार नाही. घायपाताबद्दल इथे कोणी जाणकार आहे त्यांनी बोलावं, मला संशय आहे पण खात्री करून घेतो.

माणदेशी

घायपाताला जाणकार कशाला पाहिजे, आमच्या बांधाबांधाला आहे. आमच्याकडं केकताड म्हणत्यात. पानं ठेचून, भिजवून, धुऊन वाख काढायचा आणि दोर वळायचे, बैलाचं दावं, कासरा, मोटेचा नाडा सगळं ह्याचंच असायचं, आता नायलॉनमुळं वळणारी घरं हाताच्या बोटावर राहिलीत. ताईंनी घेतला तो दोर अशाच एखाद्या घरातला असणार, त्यांना भाव नीट द्या म्हणजे झालं.

आता मुद्द्याचं. घायपात म्हणजे अगेव्ह, आणि सिसल पण अगेव्हच. ५६०७ मध्ये ५६०७ २१ आणि २९ हे "सिसल किंवा अगेव्ह कुळातले इतर धागे" ह्यांच्यासाठी राखून ठेवलेले आहेत. २१ म्हणजे गवताचे भारे बांधायच्या मशीनची सुतळी, बाकी सगळं २९. म्हणजे ९० मध्ये जायचा संबंधच नाही, कारण ९० हे उरलंसुरलं खातं आहे आणि आपल्या केकताडाला स्वतःचं खातं आहे. मला हे ठाऊक असायचं कारण म्हणजे आमच्या गावातल्या एका पोरानं दाव्यांचा नमुना परदेशात पाठवला होता आणि कुरिअरवाल्यानं "नारळाची दोरी" म्हणून कागद केले, तिकडं उघडून बघितलं तर पांढरा वाख, काथ्या तर तांबूस असतो. पार्सल परत आलं, भाडं दोन्ही बाजूंचं त्याच्याच बोडक्यावर.

आणि हो, नुसता दोर २९ मध्ये, पण तोच दोर म्होरकी करून, गाठी मारून बैलाच्या तोंडावर बसेल असा पाठवला तर तो पण ४२०१ मध्ये जाईल, कुत्र्याच्या पट्ट्यासारखा.

शेवा_जुना_भिडू

माणदेशी, धन्यवाद, मी पण हेच बघून आलो. ५६०७ २९. फक्त ताईंनी इनव्हॉइसवर "घायपात" एवढंच न लिहिता अगेव्ह हा शब्द टाकायला पाहिजे, अपरेझरला (माल तपासणाऱ्या कस्टम्सच्या अधिकाऱ्याला) घायपात कळणार नाही. आणि तो दोर जाड असणारच, पण मीटरला दोन ग्रॅमपेक्षा जास्त भरतो ना एवढं बघून घ्या, त्याच्या आत असेल तर तो पण सूत.

डेसिटेक्स शब्दाला घाबरू नका. १०,००० मीटरचं वजन ग्रॅममध्ये म्हणजे डेसिटेक्स. २०,००० डेसिटेक्स म्हणजे मीटरला दोन ग्रॅम, १०,००० म्हणजे मीटरला एक ग्रॅम. घरातल्या काट्यावर होतं. सुतळी १०० मीटर मोजा आणि वजन सांगा, २०० ग्रॅमच्या वर की खाली.

पक्का_पीळ

माझी पीपी (पॉलिप्रोपिलीन, प्लास्टिकच्या) दोराची फॅक्टरी आहे (छोटी हो, चार मशीन), आमच्यात डेनियर हे माप चालतं, ९००० डेनियर म्हणजे तुमचं १०,००० डेसिटेक्स, तेवढंच लक्षात ठेवायचं.

ताईंच्या मालात प्लास्टिक नाही पण पुढे कधी घ्याल म्हणून लिहितो, आणि थोडं मन हलकं पण होईल. सहा आकड्यांपर्यंत जग एक आहे, त्यापुढे प्रत्येक देशाचं स्वतःचं घर. पॉलिप्रोपिलीनचा दोर ५६०७ ४९ हे सगळीकडे, पण युरोप त्याच्या पुढे विचारतो मीटरला पाच ग्रॅमच्या वर की आत, म्हणजे ५०,००० डेसिटेक्स, आणि वर असेल तर विणलेला की पिळाचा. अमेरिका वजन विचारतच नाही, ती व्यास विचारते, ४.८ मिमीच्या आत की बाहेर. मी पहिला कंटेनर युरोपला पाठवला तेव्हा पॅकिंग लिस्टवर ३ मिमी आणि ४ मिमी एकाच ओळीत टाकून दिले, "पीपी रोप, निळा, रीळ अमुक इतके". आता ३ मिमीचा आमचा दोर मीटरला साडेचार ग्रॅमच्या आसपास आणि ४ मिमीचा सातच्या वर, बरोब्बर त्या पाचच्या दोन्ही बाजूंना. गिऱ्हाईक म्हणे कुठली रीळ किती आहेत ते सांग, माझ्याकडे हिशोब नाही, कारण पॅकिंग करणाऱ्या पोरांनी मिळेल तसं भरलेलं. शेवटी तिथे कंटेनर उघडून रीळ मोजली, गोदामाचं भाडं, मोजणाऱ्याचे पैसे, सगळं माझ्या बिलातून कापलं. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक रिळावर स्टिकर आहे, धागा, व्यास, मीटरला ग्रॅम, विणलेला की पिळाचा.

आणि ही पाच ग्रॅमची रेघ नुसती कागदावरची नाही बरं का, १९९८ साली युरोपने भारतातल्या सिंथेटिक दोरांवर अँटी-डंपिंग ड्युटी (फार स्वस्तात माल ओततात म्हणून लावलेली जादा ड्युटी) बसवली, ती ह्याच रेघेच्या वरच्या मालावर होती आणि बरीच वर्षं चालली. आमच्या धंद्यातली जुनी माणसं अजून ते आठवून शिव्या घालतात.

मिश्र दोराचं पण सांगून ठेवतो, पीपी आणि पॉलिएस्टर एकत्र असेल तर वजनात जास्त कोण ते बघायचं. दिसायला बाहेरून सगळा पॉलिएस्टर असतो पण आत पीपीचा गाभा जड निघतो. आकार बघून ठरवू नका, काटा वापरा.

सुंभवाली

बाप रे, एवढं सगळं. सगळ्यांचे आभार. आज काटा केला, म्हणजे तीन दिवस केला.

परवा दोन पोफळींमध्ये बरोबर १० मीटर टेपने मोजून खुणा केल्या आणि सुतळी या खुणेपासून त्या खुणेपर्यंत दहा वेळा नेली, म्हणजे १०० मीटर, पाऊस थांबलेला होता पण हवा ओलीच, मग ती लड आईच्या स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवली. २०६ ग्रॅम. म्हटलं झालं, दोर. आई म्हणाली ही सुतळी जून महिन्यापासून पडवीत आहे, हात लावून बघ कशी गार लागते. तर तीच लड चुलीवरच्या माळ्यावर दोन दिवस टांगून ठेवली, आज परत मोजली तर १९२. आता मी काय समजू? दोनशेची रेघ आणि माझी सुतळी पावसात तिकडे आणि उन्हात इकडे!

काथ्याचा १२ मिमीचा दोर सोडवून बघितला, तीनच पेड. घायपात मीटरला दोन ग्रॅमच्या खूप वर आहे, तिथे प्रश्न नाही.

अजून एक. हॉप्सवाल्याने आज मेल केलाय की सुंभ लडीऐवजी ठरावीक लांबीचे तुकडे करून हवेत आणि जमलं तर एका टोकाला फास करून, म्हणजे शेतात वरच्या तारेला अडकवायला सोपं. त्याने काही फरक पडतो का?

शेवा_जुना_भिडू

ताई तुमच्या आईला नमस्कार सांगा, लॅबमध्ये हेच करतात फक्त चुलीशिवाय. ताग पाणी फार पितो, त्याची व्यापारी मान्य ओल पावणेचौदा टक्के धरतात, १३.७५, आणि आपल्याकडच्या टेक्स्टाईल लॅबमध्ये नमुना ६५ टक्के आर्द्रता आणि २७ डिग्रीला ठेवून मग तोलतात. पावसाळ्यातल्या पडवीतलं वजन कोणी धरणार नाही, पण माळ्यावरचंही कोणी धरणार नाही, ते आपल्या समजुतीपुरतं.

कोलकात्याच्या बिलावर काय लिहिलंय ते बघा. तागाच्या गिरण्या धाग्याची जाडी अजून पौंडात सांगतात, एक पौंड म्हणजे ३४.४५ टेक्स, आणि एक टेक्स म्हणजे दहा डेसिटेक्स.

सुंभवाली

बिलावर "१८ पौंड / ३ प्लाय" असं आहे.

शेवा_जुना_भिडू

मग सुटलं. अठरा त्रिक चोपन्न, गुणिले ३४.४५, होतात १८६० टेक्स, म्हणजे १८,६०० डेसिटेक्स. पिळात लांबी थोडी आखडते म्हणून वजन जरा वाढतं, तुमचे १९२ ग्रॅम त्याला बरोबर जुळतात. २०,००० च्या आत, म्हणजे तुमची सुतळी टॅरिफच्या लेखी सुतळी नाहीच, तागाचं बहुपदरी सूत, ५३०७ २०. गुंडा छोटा केला, कागदी पट्टी लावली, तरी तागाला त्याने फरक पडत नाही. गिरणीचं बिल फाइलला लावा. आणि पुढच्या वेळी एकतर १६ पौंडी मागवा नाहीतर २२ पौंडी, रेघेवर उभं राहायची हौस कशाला.

आता फास. नुसते तुकडे केले तर सुंभ सुंभच, ५३०८. पण तुकडा करून टोकाला फास केला, किंवा कडी-हूक लावला, की ती सुतापासून बनवलेली वस्तू होते आणि ५६०९ मध्ये जाते. कपडे वाळत घालायची तयार दोरी, गाडी ओढायचा दोर, दोराची शिडी, होडीच्या कडेला बांधायचे दोराचे फेंडर, हे सगळं त्याच खात्यात. म्हणजे एका गाठीने खातं बदललं.

लेस्टरचा_बाब्या

मी इकडे इंग्लंडमध्ये इंपोर्टचंच काम करतो, भारतातून किराणा आणतो, दोर नाही, पण प्रक्रिया तीच. ताई, इकडच्या एंट्रीवर दहा आकडी कोड टाकावा लागतो आणि त्याची जबाबदारी इंपोर्टरची असते, तुमची नाही. तुम्ही फक्त पहिले सहा आकडे जुळताहेत एवढं बघा आणि वर्णन खरं लिहा. इकडच्या सरकारी ट्रेड टॅरिफच्या साइटवर कोड टाकला की दर फुकटात दिसतात, तुम्ही तिथून पण बघू शकता. फास करायचा की नाही हे ठरवायच्या आधी त्याला ५३०८ आणि ५६०९ दोन्हीचे दर बघायला सांगा, कदाचित तोच म्हणेल की फास माझी माणसं शेतात करतील. त्याला फारच खात्री पाहिजे असेल तर तो इकडच्या कस्टम्सकडून ॲडव्हान्स टॅरिफ रूलिंग (कोड कुठला ह्याचा आगाऊ लेखी निर्णय) घेऊ शकतो, तीन वर्षं चालतं.

पक्का_पीळ

रूलिंग आपल्याकडेही मिळतं, मुंबई आणि दिल्लीत त्याची ऑथॉरिटी आहे २०२१ पासून, फी दहा हजार. पण पहिल्या ऑर्डरला तो खर्च करू नका असं माझं मत. माल मोठा व्हायला लागला आणि एखाद्या वस्तूवर खरंच दोन मतं असली तर करा. तुमच्या पाचांपैकी एकावरही दोन मतं राहिलेली दिसत नाहीत.

झटपट_एक्स्पोर्टर

मान्य, मी मगाशी घाईत लिहिलं. एक विचारू का, माझ्या मालात सुताची विणलेली बारीक दोरी असते, पायजम्याच्या नाडीसारखी. ती पण तोलू?

शेवा_जुना_भिडू

घट्ट विणलेली, भरीव, ओढल्यावर चपटी न होणारी असेल तर वजन कितीही कमी असो, ५६०७, आपल्याकडे सुताला ९० २०. विणलेल्या दोरीला ते दोन ग्रॅमचं गणित लागतच नाही, ते फक्त पिळाच्या मालाला. पण सैल, मऊ, चपटी नाडी असेल तर ती ५८०८ च्या गोंड्या-नाड्यांत. पायजम्यात घालून आरामात बसता येतंय म्हणजे बहुतेक ५८०८. (गंमत नाही, खरंच घट्टपणावरच ठरतं.)

सुंभवाली

इनव्हॉइस परत लिहिलं. बघा बरं कोणी:

"काथ्याचं सूत, दोन पेडी, हातवळणी, न रंगवलेलं, लडी, गाठी न दाबलेल्या: ५३०८ १० २०. काथ्याचा दोर, तीन पेडी, १२ मिमी: ५६०७ ९० १०. तागाचं सूत, १८ पौंड तीन पदरी, गुंडे: ५३०७ २०. अगेव्हच्या धाग्याचा दोर, पिळाचा: ५६०७ २९. कुत्र्याचे पट्टे, सुती विणलेल्या दोरीचे, पितळी हूक: ४२०१."

इंपोर्टरने फास नको म्हणून कळवलं, बाब्यादादांनी सांगितलं तस्संच, त्याची माणसं करतील. सीएचएला पाठवलं तर तो म्हणाला एका शिपिंग बिलात (एक्सपोर्टसाठी कस्टम्सला द्यायच्या कागदात) पाच ओळी म्हणजे काम वाढलं, पैसे जास्त लागतील. किती लागतील विचारलं तर पाचशे. दिले.

आईला वाचून दाखवलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मगे आमी इतकी वर्सा दोर वळत नव्हतो, सूत वळत होतो?" आणि आठही बायका हसायला लागल्या.

शेवा_जुना_भिडू

बरोबर आहे सगळं. फक्त घायपाताच्या ओळीत व्यास टाका, आणि शिपिंग बिल फाइल झाल्यावर आकडा चुकलेला दिसला तर गप्प बसू नका, कस्टम्स कायद्याच्या कलम १४९ खाली दुरुस्ती मागता येते, माल जायच्या आधी मागितली तर त्रास कमी. गाडी कधी निघते?

सुंभवाली

गुरुवारी, पाऊस नसेल तर. सुतळी अजून माळ्यावरच ठेवलीये.